नोंद कशासाठी? चिलीतल्या 'विकारिया'च्या कागदांची गोष्ट

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला जड आहे, पण त्याची सुरुवात आपण एका साध्या प्रश्नापासून करू. समजा, कुणाला लष्कराने किंवा पोलिसांनी घरातून उचलून नेलं. पुढे त्याचं काय झालं ते कळत नाही. न्यायालय ऐकत नाही, वर्तमानपत्रं छापत नाहीत, वकील अंग काढून घेतात. अशा वेळी हे सगळं लिहून ठेवून उपयोग काय? या विषयावर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. आणि त्याला जोडून दुसरा येतो : त्या बाईच्या घरात चूल पेटत नाही आणि तुम्ही कागद कसले रंगवताय? आधी मदत करा, नोंदी मग बघू.

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज आपण त्यांचं उत्तर एका देशाच्या अनुभवातून शोधणार आहोत. तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतला चिली. १९७३ ते १९९० अशी सतरा वर्षं तिथे लष्करी राजवट होती. पहिल्या महिन्यात भरलेला कागद तीस वर्षांनी न्यायालयात कसा कामाला आला, हे तिथे टप्प्याटप्प्याने बघता येतं. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे : नोंद आणि मदत ही दोन वेगळी कामं नाहीत. एकाच टेबलावर, एकाच माणसासमोर बसून ती करायची असतात. वेगळी केली की दोन्ही बिघडतात.

संघटित हिंसा म्हणजे काय

आधी शब्द नीट समजून घेऊ. दोन गटांत हाणामारी झाली, कुणी रागाच्या भरात कुणाला मारलं, ही हिंसा आहेच. पण संघटित हिंसेत वरून आदेश असतो, गाड्या असतात, जागा ठरलेल्या असतात, पगारी माणसं असतात. ती शासनाची असेल, कधी एखाद्या सशस्त्र गटाची असेल. तिचं आणखी एक लक्षण आहे, आणि ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते म्हणजे नकार. माणूस उचलला जातो आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं जातं की आम्ही कुणाला उचललंच नाही. मग सांगतात, तो परदेशी पळून गेला असेल. मग सांगतात, त्याच्याच साथीदारांनी त्याला मारलं असेल. म्हणजे मारहाण, छळ, खून हा हिंसेचा एक भाग. आणि 'असं काही घडलंच नाही' हे सांगणारी यंत्रणा हा दुसरा. या दुसऱ्या भागाशी लढायला नोंद लागते.

चिलीत काय घडलं

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं सरकार उलथवलं. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बॉम्बफेक झाली आणि आयेंदे यांचा तिथेच मृत्यू झाला. जनरल आउगुस्तो पिनोशे सत्तेवर आले. हजारो लोक पकडले गेले. राजधानी सान्तियागोमधलं फुटबॉलचं राष्ट्रीय स्टेडियम काही आठवडे तुरुंग म्हणून वापरलं गेलं. स्टेडियमच्या दाराशी बायकांची गर्दी असायची. आत आपला माणूस आहे की नाही, एवढंच त्यांना विचारायचं असायचं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये, म्हणजे महिन्याभरातच, वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी आणि तिथल्या ज्यू समाजाने मिळून एक समिती उभी केली. तिला लोक 'प्रो पाझ' समिती म्हणत. पाझ म्हणजे शांतता. १९७५च्या अखेरीस पिनोशे यांनी ही समिती बंद करायला लावली. तेव्हा सान्तियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी एक शक्कल लढवली. १ जानेवारी १९७६ पासून त्यांनी तेच काम स्वतःच्या धर्मप्रांताचं एक खातं म्हणून सुरू केलं. नाव ठेवलं 'विकारिया दे ला सोलिदारिदाद', म्हणजे एकजुटीचं खातं म्हणा हवं तर. समितीला कुलूप लावणं सोपं होतं. कॅथलिक देशात चर्चच्याच एका खात्याला कुलूप लावणं राजवटीलाही जड जाणार होतं. विकारियाची कचेरी शहराच्या मुख्य चौकात, कॅथीड्रलला लागूनच होती. धर्म कुठला, पक्ष कुठला, हे तिथे येणाऱ्याला विचारलं जात नसे.

टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय

आता आपण त्या कचेरीत जाऊ. एक बाई येते. नवरा सापडत नाही. तिच्यासमोर पहिल्यांदा बसायची ती समाजसेविका. वकील नंतर. हा क्रम लक्षात घ्या. वकील समोर बसला की तो कायद्याला लागणारं तेवढंच विचारतो. समाजसेविका विचारते : घरी कोण आहे? मुलं किती? कामावर कोण जातं? घरभाडं थकलंय का? बाई बोलू लागते, आणि बोलता बोलता कधी, किती वाजता, किती जण आले, गणवेशात की साध्या कपड्यांत, गाडी कसली, शेजारच्या कुणी पाहिलं, हे सगळं येतं. ते लिहून घेतलं जातं. मग वकील त्यावरून न्यायालयात अर्ज करतो. गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवतात. वस्त्यांमध्ये सामुदायिक जेवणघरं चालायची, तिथे मुलांच्या जेवणाची सोय होते.

म्हणजे बघा, त्या बाईच्या नावाची फाईल मदतीसाठी उघडली गेली. नोंद त्या मदतीतून तयार झाली. आणि मदत चालू राहिली म्हणून बाई पुन्हा पुन्हा येत राहिली, त्यामुळे नोंदीत भर पडत गेली. कुणी सुटून आलेला कैदी सांगायचा, 'मी अमुक ठिकाणी डोळे बांधलेल्या अवस्थेत होतो, शेजारी तमुक नावाचा माणूस होता.' ते नाव तपासलं की त्याची फाईल आधीच कपाटात असायची. अशी एका फाईलची दुसरीला जोड मिळत गेली आणि गुप्त छळछावण्यांचा नकाशा हळूहळू उभा राहिला. नुसता 'आकडेवारी गोळा करणारा' माणूस एकदा घरी येऊन फॉर्म भरून गेला असता, तर हे झालं नसतं.

या बायकांसाठी कार्यशाळाही निघाल्या. जुन्या कपड्यांचे तुकडे गोणपाटावर शिवून त्या चित्रं करत. त्यांना 'आर्पियेरा' म्हणतात. आपल्याकडच्या गोधडीसारखंच ठिगळकाम, पण त्यात रिकामी खुर्ची असायची, तुरुंगाचं दार असायचं, 'कुठे आहेत ते?' असा फलक धरलेल्या बायका असायच्या. विकारिया ती चित्रं परदेशी विकून पैसे त्या बायकांना द्यायची. घर चालायचं, आणि देशाच्या वर्तमानपत्रांत जे छापून येत नव्हतं ते परदेशातल्या भिंतीवर लागायचं.

फेटाळलेला अर्ज वाया जातो का

वकिलांच्या कामाकडे येऊ. माणूस पकडला गेला की त्याला न्यायालयापुढे हजर करा, असा अर्ज करता येतो. आपल्याकडे त्याला हेबिअस कॉर्पस किंवा देहोपस्थितीची याचिका म्हणतात, चिलीत 'आम्पारो' म्हणतात. विकारिया आणि तिच्या आधीची समिती यांनी असे हजारो अर्ज केले. त्यातले मंजूर किती झाले? बोटांवर मोजण्याइतके. न्यायालय सरकारला विचारायचं, सरकार कळवायचं की असा कुणी आमच्या ताब्यात नाही, आणि अर्ज निकाली निघायचा.

मग अर्ज करायचेच कशाला? वकील मंडळींना हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण प्रत्येक अर्जाने एक गोष्ट पक्की होत होती : अमुक तारखेला, अमुक माणसाबद्दल, न्यायालयाच्या शिक्क्यानिशी विचारणा झाली होती, आणि सरकारने लेखी नकार दिला होता. खोटं बोलणाऱ्याचं खोटं त्याच्याच सहीने जमा होत होतं.

याचं मोल १९७५च्या जुलैमध्ये कळलं. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या दोन प्रकाशनांत मिळून ११९ चिलियन लोकांच्या नावांच्या याद्या छापून आल्या. बातमी अशी, की हे सगळे चिलीबाहेर आपसांतल्या भांडणात किंवा चकमकीत मेले. त्यातलं अर्जेंटिनातलं मासिक तर केवळ तेवढ्यासाठी निघालं होतं; त्याचा दुसरा अंक कधी आलाच नाही. चिलीतल्या सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. पण त्या यादीतल्या नावांचे अर्ज न्यायालयात आधीच पडून होते. या माणसांना चिलीतच, घरातून, रस्त्यावरून, साक्षीदारांसमक्ष उचललं होतं, हे तारखांसह लिहिलेलं होतं. कागद आधीचा आणि सरकारची गोष्ट नंतरची. ही गुप्त पोलिसांची बनवाबनवी होती. आज ती 'ऑपरेशन कोलोम्बो' या नावाने ओळखली जाते.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत चिलीच्या प्रतिनिधीने सांगितलं, की बेपत्ता म्हणून दिलेल्या कित्येक नावांची माणसं कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. म्हणजे ती जन्मलीच नाहीत! अशा दाव्याला उत्तर काय द्यायचं? जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शाळेचं प्रमाणपत्र, फोटो. एरवी पेटीच्या तळाशी पडलेले हे कागद अशा वेळी पुरावा होतात.

लोनकेनच्या भट्ट्या

'अस्तित्वात नसलेल्या' माणसांचं काय झालं होतं ते तीन वर्षांनी बाहेर आलं. सान्तियागोच्या नैर्ऋत्येला लोनकेन नावाची जागा आहे. तिथे चुन्याच्या जुन्या, बंद पडलेल्या भट्ट्या होत्या. १९७८ साली एका माणसाने एका धर्मगुरूला गुपचूप सांगितलं की त्या भट्टीत माणसांचे अवशेष आहेत.

विकारियाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कुणी धावत जाऊन उकरलं नाही. ३० नोव्हेंबर १९७८ रोजी एक छोटी तुकडी तिथे गेली. त्यात बिशप होते, वकील होते आणि दोन पत्रकार होते. त्यांनी पाहिलं आणि थेट सर्वोच्च न्यायालयाकडे तक्रार नेली. आपल्याकडे पंचनाम्याला पंच लागतात, आणि पंच कोण यावर पंचनाम्याची किंमत ठरते, तसंच हे. त्यानंतर न्यायाधीश नेमले गेले आणि चौकशी सुरू झाली.

भट्टीत पंधरा माणसांचे अवशेष निघाले. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी जवळच्या इस्ला दे माइपो गावातून पोलिसांनी नेलेले ते लोक होते. बहुतेक शेतमजूर. एका कुटुंबातला बाप आणि चार मुलगे; दुसऱ्यातला बाप आणि दोन मुलगे; तिसऱ्यातले तीन भाऊ; आणि गावच्या चौकात पकडलेले चार तरुण. पोलिसांनी सांगितलं की रात्री अज्ञात लोकांनी हल्ला केला आणि गोळीबारात कैदी मेले. न्यायाधीश आदोल्फो बान्यादोस यांनी हे म्हणणं स्वीकारलं नाही. अवशेषांवरच्या खुणा त्या गोष्टीशी जुळत नव्हत्या.

पण पुढे? आरोपी पोलीस असल्यामुळे खटला लष्करी न्यायालयाकडे गेला आणि १९७८च्या माफीच्या कायद्याखाली बंद झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये कुटुंबं चर्चमध्ये अंत्यविधीसाठी थांबली होती, आणि तिकडे अधिकाऱ्यांनी अवशेष परस्पर सामुदायिक खड्ड्यात पुरले. भट्ट्या नंतर सुरुंग लावून उडवल्या गेल्या. डीएनए तपासणीनंतर ओळख पटलेले अवशेष कुटुंबांच्या हाती येऊन त्यांचं दफन व्हायला २०१० साल उजाडलं. सदतीस वर्षं.

बेपत्ता माणसाच्या घराचं दुःख आपल्याला कळायला हवं. आपल्याकडेही असं घर तेरावं करू शकत नाही, श्राद्ध घालू शकत नाही. बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, यावरून भावकी बोलते. जमिनीची नोंद होत नाही, विम्याचे पैसे मिळत नाहीत. सात वर्षं काही ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत धरता येतो असा नियम आहे, पण 'तो मेला' असा अर्ज स्वतःच्या हाताने कोण करणार? चिलीतल्या कित्येक बायकांनी असंच म्हणत कागदांवर सही करायला नकार दिला होता. नेलंत ते जिवंत नेलंत, तेव्हा आधी उत्तर तुम्ही द्या.

कागद सांभाळणाऱ्यांची किंमत

होसे मानुएल पारादा हे विकारियाच्या दस्तऐवज विभागाचे प्रमुख होते. समाजशास्त्रज्ञ. फायलींची जुळवाजुळव करणं हे त्यांचं काम. १९८४ साली हवाई दलाच्या गुप्तचर विभागातला एक माणूस फुटला आणि त्याने बरीच माहिती दिली. ती माहिती जुन्या फायलींशी पडताळून पाहण्याच्या कामात पारादा होते. २९ मार्च १९८५च्या सकाळी एका शाळेच्या दारातून त्यांना आणि शिक्षक मानुएल गेर्रेरो यांना उचललं गेलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघांची आणि चित्रकार सान्तियागो नातिनो यांची गळे चिरलेली प्रेतं रस्त्याकडेला सापडली. चौकशीत पोलीस दलाकडे बोट गेलं आणि दलाच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. १९९४ साली माजी पोलिसांना शिक्षा झाल्या.

नोंदीचा काही उपयोग नसता, तर नोंदी ठेवणाऱ्याला मारायची गरज पडली नसती. पण यातून दुसरा धडाही घ्यायचा आहे : फायलींमध्ये शेकडो लोकांचा जीव असतो. १९८६ नंतर एका लष्करी वकिलाने विकारियाच्या रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी मागितल्या. विकारियाचे एक डॉक्टर आणि एक वकील तुरुंगात गेले. पुढे प्रमुखपदी आलेले बिशप सेर्खियो वालेच यांनी फायली द्यायला साफ नकार दिला. जो विश्वासाने सांगून गेला, त्याचा कागद त्याला न विचारता कुणाला द्यायचा नाही, हा नियम त्यांनी मोडू दिला नाही.

सांगणं हे औषध कधी होतं

आता छळातून जगलेल्या माणसाकडे वळू. त्याच्याकडून साक्ष घेणं म्हणजे जखम पुन्हा उघडणं आहे. मग ते करावं का? चिलीत चर्चच्याच मदतीने चालणाऱ्या 'फासिक' या दुसऱ्या संस्थेत मानसोपचाराचं काम चाले. तिथल्या एलिसाबेथ लिरा आणि एउखेनिया वाइन्स्टाइन यांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांना आपली हकिकत नीट क्रमाने सांगून, ती टेपवर घेऊन, उतरवून, उपचार करणाऱ्याबरोबर बसून वाचल्यावर बरं वाटतं. छळ करताना माणसाला 'तू फुटलास, तू गद्दार' असं पटवलेलं असतं. कागदावर ती हकिकत आली की त्याला दिसतं : हे माझ्यावर केलं गेलं, मी केलेलं नाही. १९८३ साली हा अनुभव त्यांनी एका अमेरिकी नियतकालिकात मांडला, तोही टोपणनावांनी, कारण राजवट अजून होती.

ही पद्धत पुढे डेन्मार्कमध्ये निर्वासितांसाठी वापरली गेली आणि तिथल्या तज्ज्ञांमार्फत भारतातही आली. वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने उत्तर प्रदेशात कोठडीतल्या छळाला बळी पडलेल्यांसाठी ती वापरली. त्यात एक भर पडली : साक्ष तयार झाली की गावासमोर, सन्मानाने, ती वाचून त्या माणसाच्या हाती देतात. ज्याला पोलिसांनी चोर म्हणून वस्तीसमोर मारलं, त्याचं म्हणणं त्याच वस्तीसमोर वाचलं जातं.

मात्र हे प्रत्येकाला लागू पडतं असं समजू नका. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करणं हाही जुलूमच. आणि एकाच बाईला पत्रकाराने एकदा, वकिलाने एकदा, संशोधकाने एकदा, तीच गोष्ट सांगायला लावणं, हे तर सर्रास चालतं. एकदा नीट घेतलेली नोंद तिला पुढच्या दहा वेळच्या त्रासातून वाचवते.

पुढे त्या कागदांचं काय झालं

१९९० साली चिलीत लोकशाही परतली. त्याच वर्षी नेमलेल्या रेत्तिग आयोगाने फेब्रुवारी १९९१ मध्ये अहवाल दिला. मृत आणि बेपत्ता मिळून २,२७९ प्रकरणं त्यांनी ग्राह्य धरली. पुढच्या चौकशीनंतर हा आकडा ३,१९७ वर गेला. आयोगाचं काम वर्षाच्या आत होऊ शकलं, याचं मोठं कारण विकारियाची कपाटं. त्या अहवालावरून कुटुंबांना निवृत्तिवेतन, मुलांना शिक्षणाची मदत, आरोग्यसेवा देणारे कायदे झाले. म्हणजे मदतीसाठी उघडलेली फाईल पुन्हा मदतीपाशीच आली.

पण रेत्तिग आयोगाच्या कक्षेत छळातून जिवंत राहिलेले नव्हते. त्यांना २००३ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष तेच बिशप वालेच होते. दोन टप्प्यांत मिळून ३८ हजारांहून अधिक लोकांची राजकैदी आणि छळपीडित म्हणून नोंद झाली. त्यांच्या साक्षी ५० वर्षं गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. त्यावर चिलीत अजून वाद आहे. काही पीडित म्हणतात, आम्ही विश्वासाने बोललो, ते गुप्तच राहू द्या. काही म्हणतात, या गुप्ततेमुळे छळ करणारे वाचतात. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. कागद कुणाचा, याचा निर्णय ज्याने सांगितलं त्याच्यापाशी असावा, हे तत्त्व मात्र सोडू नये.

आणि न्यायालय? ११९ जणांच्या त्या यादीत मिगेल आंखेल सांदोवाल या तरुण शिंप्याचं नाव होतं. १९७५च्या जानेवारीत त्याला उचललं होतं. खटल्यात युक्तिवाद असा झाला, की माणूस अजून सापडलेला नाही, म्हणजे अपहरणाचा गुन्हा अजून चालूच आहे. मग १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांना दिलेली माफी त्याला लागू कशी होईल? नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुप्त पोलिसांचे प्रमुख मानुएल कोन्त्रेरास आणि इतरांची शिक्षा कायम केली. ज्या यादीने प्रकरण मिटवायचं होतं, त्याच यादीतल्या एका नावाने ते उघडलं. विकारिया तोवर बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तिचे कागद मात्र होते, आणि २००३ साली युनेस्कोने चिलीच्या मानवाधिकार दस्तऐवजांना जागतिक स्मृतीच्या यादीत स्थानही दिलं होतं.

आपल्याकडे

पंजाबात जसवंतसिंग खालरा हे बँकेत काम करणारे गृहस्थ होते. पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांची नोंद त्यांनी कुठे शोधली? अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या वह्यांमध्ये. लाकडं किती दिली, कुणी आणलं, याचा हिशेब तिथे होता. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांनाच पोलिसांनी उचललं आणि मारलं. पण वह्या राहिल्या. सीबीआयच्या तपासात अशा २,०९७ दहनांची नोंद निघाली, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिलं, आणि खालरांच्या खुनाबद्दल पोलिसांची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली.

कायद्याने आपल्या हातात काही साधनं दिली आहेत. डी. के. बसू खटल्याच्या १९९६च्या निकालानुसार अटकेचा कागद वेळ-तारखेसह व्हायला हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. हे कागद मागा. 'नाही' म्हणाले तर ते 'नाही'सुद्धा लेखी मागा, नाहीतर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून पावती जपून ठेवा.

आणि नोंद घेताना चार गोष्टी. एक, आधी माणूस : जेवलाय का, औषध हवंय का, आज रात्री झोपणार कुठे. दोन, त्याची संमती : हे कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, नाव घालायचं की नाही. तीन, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. अंदाज असेल तर 'अंदाजे' लिहा. त्याच्या शब्दांना तुमचे शब्द घालून सजवू नका. चार, जखम ताजी असताना डॉक्टर. छळाच्या तपासणीची जगभर मानली जाणारी पद्धत 'इस्तंबूल प्रोटोकॉल' म्हणून १९९९ साली ठरली. त्यात डॉक्टर 'याला छळलं' असा शिक्का मारत नाही. ही खूण सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नाही, जुळते, चांगलीच जुळते, की दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही, अशा पायऱ्यांत लिहितो. म्हणूनच असा अहवाल उलटतपासणीत टिकतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*हल्ली मोबाईलवर व्हिडिओ काढून लगेच टाकता येतो. मग फायलींची गरज काय?*

व्हिडिओ जरूर काढा. पण टाकण्याआधी थांबा. त्यात पीडित बाईचा चेहरा आहे का? मागे उभा असलेला साक्षीदार ओळखू येतो का? उद्या त्याच्या घरी कोण जाईल? आणि मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवा. फिरत फिरत आलेल्या व्हिडिओची वेळ, जागा सिद्ध करणं फार अवघड जातं. कुणी, कधी, कुठून काढला, हे त्याच दिवशी कागदावर लिहा.

*तुम्ही फक्त सरकारच्या हिंसेबद्दल बोललात. सशस्त्र गटांनी मारलेल्यांचं काय?*

रास्त प्रश्न. रेत्तिग आयोगाने सशस्त्र गटांच्या हातून मेलेल्यांचीही नोंद केली, त्यात पोलीस आणि सैनिकही होते. विधवेचं दुःख मारणाऱ्याचा गणवेश बघून कमी-जास्त होत नाही. फरक एवढाच, की सैनिकाच्या विधवेला खून झाला हे सिद्ध करायला सतरा वर्षं लागली नाहीत. जिथे नकार आहे तिथे नोंदीची गरज जास्त. पण आपल्या बाजूच्यांचे गुन्हे गाळणाऱ्याची वही कुणी खरी मानत नाही, हेही लक्षात ठेवा.

*आम्ही साधी माणसं. आमच्या वस्तीत असं काही घडलं तर नेमकं काय करायचं?*

त्या घरी जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि पहिल्याच मिनिटाला वहीही काढू नका. दोन जण जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. निघाल्यावर तारीख घालून लिहून काढा, खाली सह्या करा. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. ओळखीच्या वकिलाला, डॉक्टरला त्याच दिवशी गाठा. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. पहिल्या दिवशी गर्दी असते. दुसऱ्या आठवड्यात कुणी येत नाही. तेव्हा गेलात, तर मदतही होईल आणि जे पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, ते तेव्हा सांगितलं जाईल.

वेळ संपली आहे, आपण इथे थांबू.